जॅझच्या तबकड्या व त्यांचे सोबती

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले ते जन्मभर त्याविषयी बोलत राहिले. परंतु त्या गाण्याची एकही तबकडी मागे उरली नाही, आणि ते ऐकणारी पिढीही केव्हाच सरली. बुवांचे नाव आज आपण आदराने घेतो ते शिष्यपरंपरेच्या गाण्यावरून आणि वृद्धांच्या आठवणींवरून. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लीन्स शहरी त्याच सुमारास असाच एक वादक होऊन गेला. बडी बोल्डन हे त्याचे नाव. कॉर्नेट हे पितळी तोंडवाद्य तो वाजवी, आणि त्याचा आवाज गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई असे लोक सांगत. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात पोचविण्यात आले व तेथेच १९३१ साली तो वारला. त्याने एकदा मेणाच्या नळकांड्यावर आपले वादन भरले होते अशी बोलवा होती. ते नळकांडे शोधण्यात कित्येकांनी वर्षे घालविली. ते सापडले नाही. जॅझ या संगीताचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे पहिलेच पान असे कोरे निघते.

पुढची पाने मात्र भरलेली आहेत, आणि ती तबकड्यांनी भरलेली आहेत. आता या तबकड्या जपल्या कोणी, त्यांवर कोण वाजवीत आहे हे शोधून काढले कोणी, असा प्रश्न केला तर उत्तर थोडे चमत्कारिक येते. कंपन्यांनी त्या जपल्या नाहीत; विद्यापीठांनी तर त्या प्रथम कित्येक वर्षे दाराशीही उभ्या केल्या नाहीत. हे काम केले ते ऐकणाऱ्यांनी. एकाने दुसऱ्याला घरी बोलवावे, आपली आवडती तबकडी लावावी, आणि ती संपली की त्याच्या तोंडाकडे पाहावे, एवढ्याच व्यवहारातून एका कलेचा इतिहास उभा राहिला. प्रस्तुत लेखात म्हणूनच आम्ही वादकांविषयी थोडे व श्रोत्यांविषयी अधिक लिहिणार आहोत.

जॅझला तबकडीची इतकी गरज का पडावी, हे आपल्या वाचकांस फार समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत कागदावर लिहिलेले असते; वादक मेला तरी रचना मरत नाही. जॅझमधील वादक मूळ चाल घेतो खरी, पण तिच्यावर जे काही रचतो ते तेथल्या तेथे, त्या क्षणी रचतो. आपल्याकडे बंदिशीचे शब्द व सरगम लिहून ठेवली म्हणून गवयाची बढत कागदावर उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे. जे तबकडीवर आले तेवढेच राहिले, आणि तेही दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे.

जॅझ या नावाने विकली गेलेली पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने भरली. वाजविणारे पाच जण न्यू ऑर्लीन्सचेच होते, पण गोरे होते. ज्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीत हे संगीत जन्मले त्यांची पाळी मागाहून आली. १९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी अपेक्षेबाहेर खपली, तेव्हा कंपन्यांच्या ध्यानात आले की कृष्णवर्णीय कुटुंबांतही ग्रामोफोन आहेत. मग त्या समाजासाठी वेगळ्या सूचिपत्रांतून वेगळ्या क्रमांकांच्या तबकड्या निघू लागल्या. गोऱ्यांच्या दुकानांत त्या सहसा दिसतही नसत. ही वाटणी पुढे फार महाग पडली, ते ओघाने येईलच.

एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाची मंडळी शिकागोहून इंडियाना प्रांतातील रिचमंड गावी गेली. तेथे पियानो बनविणाऱ्या एका कारखान्याची जेनेट नावाची तबकड्यांची शाखा होती. मुद्रणाची खोली आगगाडीच्या रुळांलगत असल्यामुळे गाडी आली की काम थांबवावे लागे. विजेवरचे मुद्रण तेव्हा आले नव्हते. एका मोठ्या कर्ण्यापुढे सर्वांनी उभे राहून वाजवावयाचे. ऑलिव्हरच्या जोडीला बावीस वर्षांपेक्षाही लहान असा एक पोरगेला साथीदार होता. त्याच्या कॉर्नेटचा आवाज इतका दांडगा की त्याला इतरांपासून दूर मागे नेऊन उभा करावा लागला, असे त्याच मंडळीत पियानो वाजविणारी, व पुढे त्याची पत्नी झालेली, लिल हार्डिन सांगत असे. तो साथीदार म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. गुरू पुढे आणि शिष्य मागे, असे हे चित्र त्या तबकड्यांत अक्षरशः ऐकू येते. कर्कश, दबलेल्या, डब्यातून आल्यासारख्या आवाजातूनही ऐकू येते. त्याच वर्षी या मंडळीने जेनेटसाठी भरलेल्या एका तबकडीची आज जगात एकच प्रत ज्ञात आहे.

ती एक तरी कशी उरली, याचे आश्चर्य करावे अशी पुढची हकीकत आहे. १९२९ साली अमेरिकेत आर्थिक कोसळ झाली, आणि रेडिओने घरबसल्या फुकट गाणे पोचविले. १९२७ साली तेथे दहा कोटींहून अधिक तबकड्या खपल्या होत्या, त्या १९३२ साली साठ लाखांच्या आसपास आल्या असे आकडे दिले जातात. कंपन्या बुडाल्या, एकमेकींनी एकमेकींस गिळले. विस्कॉन्सिन प्रांतातील एका खुर्च्यांच्या कारखान्याने चालविलेल्या पॅरामाउंट कंपनीने कृष्णवर्णीय गायकवादकांच्या शेकडो तबकड्या काढल्या होत्या. तिने १९३२ साली मुद्रण थांबविले, आणि तिचे धातूचे मूळ साचे भंगारात गेले. सूचिपत्रांतून नावे गळाली. दहा वर्षांपूर्वीचे संगीत कोणत्याही दुकानी मागून मिळेनासे झाले.

तेव्हा काही तरुण, बहुधा महाविद्यालयांतले, जुन्या सामानाच्या दुकानांत आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारोदार हिंडून तबकड्या विचारू लागले. घरमालकिणीस वाटे, हे वेडे आहेत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोळशाच्या कोठीत झिजलेल्या, कडा उडालेल्या तबकड्या निघत; थोड्याशा नाण्यांत सौदा होई. न्यूयॉर्क शहरी ४२ व्या रस्त्यावर मिल्ट गेब्लर नावाच्या तरुणाचे वडिलांपासूनचे रेडिओचे दुकान होते. या मंडळींच्या नादाने ते कमोडोर नावाचे तबकड्यांचे दुकान झाले. गेब्लर केवळ जुने विकून थांबला नाही. कंपन्यांकडे पडून असलेल्या साच्यांवरून त्याने नव्या प्रती काढविल्या. १९३५ साली मार्शल स्टर्न्स व जॉन हॅमंड यांच्यासह रसिकांचा संघ काढून त्या संघाच्या नावे अशा तबकड्या सभासदांस पुरविल्या, आणि त्यांच्या चिठ्ठीवर प्रत्येक वादकाचे नाव व त्याचे वाद्य छापले. ही गोष्ट लहान वाटेल. पण त्यापूर्वी चिठ्ठीवर पुढाऱ्याचे नाव येई, बाकीचे पाचसहा जण निनावी राहत. ज्याने अर्धे जग वेडे केले तो सनईसारखे क्लॅरिनेट वाजविणारा कोण, हे विकत घेणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

युरोपात हाच छंद अधिक शिस्तीने वाढला. १९३२ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी ‘हॉट क्लब’ स्थापिला. १९३३ साली लंडनमध्ये पहिला ‘ऱ्हिदम क्लब’ निघाला व थोड्याच काळात ब्रिटनच्या गावोगाव त्याची भावंडे दिसू लागली. येथील बैठकीची रीत साधी असे. ज्याची पाळी असेल त्या सभासदाने आपल्या संग्रहातल्या काही तबकड्या पेटीतून वागवीत आणावयाच्या, एकेक लावावयाची, तिच्याविषयी दोन शब्द बोलावयाचे, आणि मग वाद. वाद मोठे कडाक्याचे होत. या पद्धतीस तबकड्यांचे वाचन म्हणावे की कीर्तन, हे आम्हांस ठरविता येत नाही. पूर्वरंग व उत्तररंग दोन्ही त्यात होते. एक अडचण मात्र पेटीबरोबरच येई. पोलादी सुई प्रत्येक वेळी तबकडीची रेघ थोडी खरवडून काढी. दुर्मिळ तबकडी दहा जणांना ऐकवावी तर ती दहा वेळा झिजणार. म्हणून कोणी काटेरी झाडाच्या मऊ सुया वापरी, कोणी ‘आज सुई नाही’ अशी सबब सांगे, आणि कोणी तर आपल्याजवळ अमुक तबकडी आहे हेच लपवून ठेवी. असले कृपण संग्राहक सर्व देशांत असतात. आपल्याकडील चिजा चोरून ठेवणाऱ्या उस्तादांची निंदा करताना त्यांचीही आठवण ठेवावी.

या वादांतूनच एक शास्त्र निघाले. तबकडीच्या चिठ्ठीवरचा क्रमांक हा दुकानदाराच्या सोयीचा. परंतु चिठ्ठी व रेघा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर आणखी एक बारीक क्रमांक कोरलेला असतो, तो मूळ साच्याचा. तो साचा कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने भरला गेला याचा धागा त्यात असतो. एकच चीज त्या दिवशी दोनदा वाजविली गेली असेल तर तेही त्यावरून कळते, आणि मग दोन प्रती शेजारी ठेवून ऐकल्या असता एकाच वादकाने पाचदहा मिनिटांच्या अंतराने केलेली दोन वेगळी रचना हाती लागते. स्वस्त दुकानांसाठी कंपन्या तेच साचे खोट्या मंडळींच्या नावांनी विकीत. ती सोंगेही या क्रमांकाने उघडी पडत. चित्रकार दांपत्य रोबेर व सोनिया देलोने यांचा पुत्र शार्ल देलोने याने जगभरच्या रसिकांची पत्रे, वादकांच्या आठवणी व हे क्रमांक एकत्र करून १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ पॅरिसमध्ये छापला. अशा सूचींचे पुढे शेकडो ग्रंथ झाले. आपल्या देशातही १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने आणि मायकेल किनियर यांच्या सूचींनी हेच काम जुन्या हिंदुस्थानी तबकड्यांसाठी केले आहे.

क्रमांकही जेथे बोलत नाही तेथे कानावर भिस्त. आर्मस्ट्राँग ओके कंपनीस बांधलेला असता १९२६ साली पत्नीच्या नावाने काढलेल्या मंडळीत दुसऱ्याच कंपनीसाठी वाजवून आला. ओकेच्या अधिकाऱ्याने त्याला बोलावून ती तबकडी लावली व हा कोण म्हणून विचारले. ‘कोण ते मला ठाऊक नाही, पण पुन्हा असे होणार नाही,’ अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, अशी गोष्ट सांगतात. त्याचा आवाज लपणारा नव्हताच. तथापि कानाचाही गर्व कोणी वाहू नये. चिठ्ठी झाकून वादक ओळखावयास लावण्याचा खेळ लेनर्ड फेदर या टीकाकाराने १९४६ पासून मासिकांत चालविला होता. गोरा कोण व कृष्णवर्णीय कोण हे मी केवळ ऐकून सांगेन, अशी पैज घेऊन रॉय एल्ड्रिज हा नामांकित वादक १९५१ साली त्या परीक्षेस बसला, आणि कितीतरी उत्तरे चुकला.

रंगाच्या बाबतीत श्रोत्यांची याहून मोठी चूक ग्रंथरूपानेच झाली होती. ह्यूग पानासिये हा पॅरिसच्या क्लबचा अध्यक्ष. बाविसाव्या वर्षी, १९३४ साली, त्याने जॅझवर ग्रंथ लिहिला आणि तो वेदवाक्य म्हणून वाचला गेला. त्यात गोऱ्या वादकांस भरपूर मान होता. कारण अमेरिका त्याने पाहिली नव्हती, त्याच्यापर्यंत तबकड्या पोचल्या होत्या, आणि प्रथम पोचल्या त्या गोऱ्यांच्या. वर सांगितलेल्या वेगळ्या सूचिपत्रांचे हे फळ. १९४२ च्या पुढच्या ग्रंथात त्याने ही चूक स्वतः कबूल केली. हा मनुष्य अतिशय भांडखोर होता, देलोनेशीही त्याचे पुढे कायमचे वैर झाले, आणि नव्या जॅझला तो जॅझच म्हणावयास तयार नव्हता. तरी आठ वर्षांत आपला गाजलेला ग्रंथ आपणच खोडून काढणारे टीकाकार आम्हांस फार आढळलेले नाहीत.

मग महायुद्ध आले. येथे आपल्या देशाचा संबंध येतो. तबकडी ज्या द्रव्याची होत असे त्यातील चिकटवणारा मुख्य पदार्थ म्हणजे लाख, आणि ती बहुतांशी छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांतून जाई. समुद्र बंद झाला तशी लाख बंद झाली. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक नियंत्रण घातले. नवी तबकडी हवी तर जुन्या द्या, असा क्रम सुरू झाला, आणि जुन्या तबकड्या वितळवून नव्या होऊ लागल्या. त्या कढईत काय काय गेले याची मोजदाद कोणापाशी नाही.

जर्मनीत तर ऐकणे हाच अपराध ठरला. हिटलरच्या राजवटीने या संगीतास कृष्णवर्णीयांचे व ज्यूंचे म्हणून बहिष्कृत केले होते. हँबुर्गच्या ज्या तरुण मुलामुलींनी अशा तबकड्या जमवून त्यांवर नाचण्याचा हट्ट सोडला नाही त्यांची १९४१ पासून धरपकड झाली, आणि काहींची रवानगी छळछावण्यांत झाली. व्यापलेल्या पॅरिसमध्ये देलोनेने १९४३ साली आपल्या सूचीची नवी आवृत्ती छापली. त्याच वर्षी गेस्टापोने त्याला पकडून जाबजबाब घेतले. सुदैवाने तो सुटला. याच पॅरिसमधले १९४२ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जर्मन वायुदलाच्या गणवेशातील एक अधिकारी, त्याच्या शेजारी जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट, चार कृष्णवर्णीय वादक आणि एक ज्यू, असे सर्व एका रांगेत उभे आहेत. हा अधिकारी डीट्रिख शुल्त्स-क्योन. युद्धापूर्वीपासूनचा तबकड्यांचा दर्दी; सैन्यात असतानाच तो व त्याचे मित्र जॅझप्रेमींसाठी एक चोरटे टंकलिखित पत्रक काढून आघाडीवर पाठवीत. युद्धाच्या अखेरीस शत्रूशी वाटाघाटी करावयास गेला असता त्याने समोरच्या अमेरिकन अधिकाऱ्यास, काउंट बेसीच्या तबकड्या आहेत काय, असे विचारले, अशी आख्यायिका आहे. जॅझच्या इतिहासकारांस ही गोष्ट फार गोड वाटते. आम्हांस ती तितकी गोड वाटत नाही. ज्या मुलांना तबकड्यांपायी छावणीत धाडले गेले त्यांच्या व ह्याच्या आवडीत फरक नव्हता. फरक गणवेशाचा होता, आणि तो गणवेश त्या छायाचित्रातून पुसता येत नाही.

युद्धानंतर हाच खेळ लेनिनग्राडात निराळ्या साधनाने चालला. तेथे तबकडी मिळेना, तेव्हा इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिती आणून, त्या गोल कापून, त्यांवर रेघा कोरीत. कोणाच्या बरगड्यांवर, कोणाच्या कवटीवर निषिद्ध गाणी व जॅझ भरलेले असे. त्या थोडे दिवस वाजत आणि मग नष्ट होत. हे करणाऱ्या रुस्लान बोगोस्लोव्स्की यास पुनःपुन्हा तुरुंग भोगावा लागला.

या सर्व प्रेमाचा त्या वादकांना काय उपयोग झाला, हा प्रश्न मनातून जात नाही. किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकड्या न्यूयॉर्क, लंडन व पॅरिसमध्ये डोळ्यांत तेल घालून जपल्या जात होत्या, त्याच वर्षांत ऑलिव्हर स्वतः जॉर्जिया प्रांतातील सव्हाना गावी एका खेळघरात झाडलोट करीत होता. हिरड्या सडून दात गेल्यामुळे कॉर्नेट सुटले होते. एप्रिल १९३८ मध्ये तो तेथेच वारला. त्याने बहिणीस लिहिलेली पत्रे पुढल्या वर्षी ‘जॅझमेन’ या ग्रंथात छापली गेली, आणि तबकड्या जमविणाऱ्यांना आपण काय जमविले नाही ते तेव्हा कळले.

त्या ग्रंथाची सिद्धता चालू असता विल्यम रसेल या संग्राहकास जुन्या वादकांच्या बोलण्यात बंक जॉन्सन हे नाव वारंवार आढळले. तो न्यू आयबेरिया गावी असावा एवढ्या माहितीवर तेथील पोस्टमास्तरच्या पत्त्यावर पत्र धाडले, आणि उत्तर आले. बंक जिवंत होता. १९३१ साली नाचाच्या ठिकाणी त्याच्या मंडळीचा नायक भोसकला गेला, त्या दंग्यात याचे वाद्य मोडले, दातही नव्हते, मोलमजुरीवर दिवस काढीत होता. दात व वाद्य मिळेल तर मी अजून वाजवीन, असे त्याचे म्हणणे. रसिकांनी वर्गणी केली. कवळी बसविली ती प्रख्यात वादक सिडनी बेशे याच्या दंतवैद्य भावाने. १९४२ साली न्यू ऑर्लीन्समध्ये बंकने आयुष्यातली पहिली तबकडी भरली, आणि १९४९ साली तो वारला. आपण बोल्डनच्या मंडळीत होतो असे सांगण्यासाठी त्याने स्वतःचे वय बहुधा दहा वर्षांनी वाढविले होते, हे संशोधकांनी पुढे दाखविले. पण वर्गणी देणाऱ्यांना कोऱ्या पानावरचे दोन शब्द तरी हवे होते, आणि म्हाताऱ्याला दात हवे होते. दोघांचेही काम झाले.

आपल्या बाजूस हे संगीत प्रत्यक्ष वादकांबरोबर आले. १९३५ साली लिऑन ॲबीची मंडळी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागली, आणि मागाहून टेडी वेदरफर्ड आला. तो १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. त्यांच्यापासून शिकले ते गोमंतकीय. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांच्या बोटांत मुरलेले होते, पण जॅझचा गाभा नेमका त्या लेखनाबाहेरचा. तो त्यांनी हॉटेलांतील वादकांपाशी उभे राहून, आणि तबकडीची सुई उचलून पुन्हा मागे ठेवीत घटवून घेतला. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, लोकांचा चिक चॉकलेट, हा आर्मस्ट्राँगला इतका समरस झाला की त्याची मान, रुमाल व आवाजसुद्धा त्याने उचलला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्याचा ट्रंपेट आजही ऐकू येतो; छोटा नागपूरची लाख अशी फिरून चितळकरांच्या चालीत आली.

१९५२ साली निरंजन झवेरी यांनी मुंबईहून ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचे जॅझचे मासिक काढले. ते फार काळ चालले नाही. परंतु तबकड्यांभोवती जमणारी माणसे पांगली नाहीत, आणि १९७८ साली त्यांनी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरविली. धोबीतलावाच्या उघड्या रंगभवनात सॉनी रॉलिन्स सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांत अशी माणसे होती, की ज्यांनी त्याला पंचवीस वर्षे ओळखले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. धोबीतलावच्याच गल्ल्यांतून गोमंतकीय वादकांच्या कुडी होत्या. तेथून ते वाद्यांच्या पेट्या घेऊन चालतच आले असतील.